सलीमभाईच्या हॉटेलातला रविवार

माहं नाव शोभा. माहेर दारव्ह्याकडचं, जीपनं उतरलं का अर्धा कोस पायदळ जा लागे असं एक खेडं, नाव सांगून तुम्हाले काही समजणार नाही, नकाशात बी नसन. आम्ही बौद्ध वस्तीतले. बाप दुसऱ्याच्या वावरात कामाले, माय बी त्याच वावरात, आन आम्ही तिघी बहिणी. बापाची एक गोष्ट आधी सांगते, त्याशिवाय हे हॉटेलचं पुढचं तुम्हाले उमजणार नाही. बाजाराच्या दिवशी तो दारव्ह्याले जाये आन येताना पेपरात बांधून भजे आणे, तेलानं पेपर आरपार दिसे, आम्ही आधी भजे खाऊ आन मंग पेपर हुंगत बसू. मी एकदा विचारलं, बाबा, तुम्ही तिथंच हॉटेलात बसून गरम गरम काहून खाऊन येत नाही. तर म्हणे, बाई, मले उभ्यानंच बरं वाटते. मले खरंच वाटलं तसं. मोठी झाली तवा समजलं का आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या माणसांचे कप बाहेर, खिळ्याले टांगलेले, आपला कप आपण धुवा, उभ्यानं प्या आन पुन्हा टांगून द्या. दारव्ह्यात तसं काही नव्हतं, तिथं कोणी कोणाले विचारत नव्हतं, पण बापाच्या गुडघ्यातच ते बसलं होतं का हॉटेलात आपण बसायचं नसते. मेला तोवर बसला नाही. पोटभर भाषणं ऐकली त्यानं, जयंतीले पुढं होऊन नाचला, पण हॉटेलच्या खुर्चीवर काही बसला नाही.

मंग लग्न झालं आन मी इथं आली, यवतमाळले, लोहाऱ्यात. नवरा गोदामावर रातचा वॉचमन. चांगला माणूस हाय, पेत नाही, मारत नाही, फक्त झोपते. रातभर जागायचं म्हणून दिवसा झोपायचं, आन घर काय, दोन खोल्या, तो झोपला का भांडं वाजलं नाही पायजे, टीव्ही लागला नाही पायजे. पोरगी पुसदले दिली तवापासून तं घरात बोलाले बी कोणी नाही. वनिता म्हणायची, शोभे, तुहा नवरा गोदाम राखते का गोदाम त्याले राखते? वनिता कोण ते सांगते.

पोरगी सासरी गेली त्याच साली मी कंपनीत लागली. कंपनी म्हणजे एमआयडीसीतली दाळ मिल, तुरीची दाळ. एका बाजूनं तूर जाते, दुसऱ्या बाजूनं दाळ येते, आन मधी आम्ही बाया, खडे निवडायचे, पुड्या भरायच्या, पोत्यांची तोंडं शिवायची. दिवसभर उभं. भुसा असा उडते का नाकातोंडाले दुपट्टा गुंडाळा लागते, नुसते डोळे बाहेर. आन मशीनचा आवाज, काय सांगू तुम्हाले, शेजारीण वरडली तरी ऐकू येत नाही. मोबाईल गेटवर जमा. भिंतीवर घड्याळ होतं, ते कवाचं बंद. म्हणजे बोलता येत नाही, तोंड दिसत नाही, किती वाजले ते समजत नाही, अशा जागी आमची दोस्ती झाली.

दोस्ती म्हणजे तिघींची. मी, वनिता आन मंगलाबाई. वनिता दिग्रसकडच्या तांड्यावरची, बंजाऱ्याची, माह्याहून लहान, तोंडानं फटकळ, हात चालवल्यासारखं तोंड चालवे, काही लागलं-बिगलं का याडी म्हणून वरडे, त्यायच्यात मायले याडी म्हणतात. मंगलाबाई आम्हा दोघीहून मोठी, कुणब्याची, नवरा कवाच गेला, पोरगा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, सून, दोन नातवंडं. ती कमी बोले. चार शब्द बोलाचे असले तं दोन बोले आन दोन गिळून टाके. पण आमचं ऐकायची अशी का सांगणाऱ्याले वाटे आपण लय मोठी गोष्ट सांगून राह्यलो.

आता गाठीचं. कामात काही आठवलं, काही सांगावंसं वाटलं, तं मशीनच्या आवाजात सांगणार कसं? मंगलाबाईनं काढलं ते. जुन्या बाया पदराले गाठ मारायच्या ना, काही ध्यानात ठेवायचं असलं का, तसं तिनं एक दिवस दुपट्ट्याच्या टोकाले गाठ मारली, माह्याकडं पाह्यलं आन डोळ्यानंच म्हटलं, नंतर. मंग आम्ही तिघी बी मारायले लागलो. सासूनं काही केलं, मार गाठ. पोरीचा फोन आला, मार गाठ. दूर उभी असलेली वनिता गाठ मारताना दिसली का मले इकडं हसू यायचं, आज हिच्या घरी काहीतरी झालं. हप्ताभर गाठी साचायच्या. आन त्या सोडायच्या रविवारी, सलीमभाईच्या हॉटेलात.

रविवार म्हणजे सुट्टी. सकाळी धुणं, पाणी भरणं, घर सारवल्यासारखं पुसणं, हे आटपेपर्यंत अकरा वाजायचे. नवरा नुकताच झोपलेला असे. तवा मी चपला हातात घेऊन निघायची, दार आवाज न करता ओढून घ्यायची आन गल्लीच्या तोंडाशी चपला घालायची. सलीमभाईचं हॉटेल आमच्याच वस्तीत, कडूनिंबाखाली, चार टेबलं, बाहेर भट्टी, वर टिनं. त्या येळेले खाल्लेलं ना नाश्ता ना जेवण. माही भाची पुण्यात नोकरीले हाय, ती म्हणे, मावशी, याले इकडं ब्रंच म्हणतात, दोस्तदोस्त रविवारी असेच जातात, लय पैसे घेतात. म्या म्हटलं, घेऊ दे, आमच्याकडं तर्री-पोह्याले कोणी नाव नाही ठेवलं अजून.

पहिल्यांदा गेलो तवाचं सांगते. तीन बाया, संग माणूस नाही, लेकरू नाही. सलीमभाईनं आम्हाले फॅमिली रूम दाखवली. फॅमिली रूम म्हणजे काय, आतली एक कोंदट खोली, मधी मळका पडदा, एका बाजूले कांद्याचे पोते, दुसऱ्या बाजूले सिलिंडर. बाया आल्या का तिथं बसवायचं, मग फॅमिली असो नसो. बसलो आम्ही घाम पुसत. मंगलाबाई म्हणे, ठीक हाय बाई, कोणाची नजर नाही. वनिता उठली. म्हणे, सहा दिवस तोंडाले फडकं बांधून ऱ्हातो आन सातव्या दिवशी बी पडद्यात? मले उजेडात खायचं हाय. तिनं पडदा सारला, बाहेर येऊन निंबाच्या अंगाच्या टेबलाशी बसली, आन आम्ही बी मागं मागं गेलो. बाकीच्या टेबलावरची माणसं पाहाले लागली, हातातले घास हातात. मी खुर्ची ओढली आन बसली, आन मले बाप आठवला. डोळ्यात पाणी आलं. वनिता म्हणे, अजून तर्री आली नाही, आत्तापासून काहून रडते?

सलीमभाईनं तीन प्लेटा आणून ठेवल्या, तर्रीचा कटोरा मधी ठेवला आन म्हणाला, ताई, मिर्ची कम लगे तो बोलना. दुसऱ्या रविवारी आम्ही आलो तं त्यानं त्याच टेबलावर आधीच पाण्याचा जग ठेवलेला. बस, तवापासून ते आमचं टेबल.

मंगलाबाई पोहे वेगळे खाये आन तर्री वाटीनं पेये, चहावानी. वनिताले तळलेल्या मिरच्या लागत. मले गिला वडा, दही जरा जास्त. आन गाठी सुटायच्या. वनिताची सासू उशीखाली जिलेबी लपवते आन मंग मुंग्या चावल्या म्हणून सुनेले शिव्या देते, शेजारच्या बकरीनं लग्नाची पत्रिका खाल्ली म्हणून हे लोक लग्नालेच गेले नाहीत, असं. काही मोठं नसे. तुम्ही विचारलं म्हणून सांगते, आम्ही कंपनीचं कधी बोललोच नाही तिथं. पगाराचं नाही, ठेकेदाराचं नाही. सहा दिवस तेच होतं, सातव्या दिवशी कायले तोंड कडू करायचं. हसायचो आम्ही. मंगलाबाई हसे तवा तोंडावर पदर घेये, आन वनिता तो पदर ओढून काढे, म्हणे, दात हायेत तोवर दाखवून घे वं बाई. उठताना मंगलाबाई नातवंडायसाठी दोन आलूबोंडे बांधून घ्यायची. असं दोन-अडीच वर्सं चाललं असन.

आता गजूभाऊ. हा ठेकेदाराचा सुपरवायझर, राहाले आमच्याच वस्तीत, कपाळाले भलामोठा टिळा, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी. मालकाचं तोंड आम्ही कधी पाह्यलं नाही, आमच्यासाठी कंपनी म्हणजे गजूभाऊ. आन गजूभाऊची खोड ही का संध्याकाळची बेल उशिरा द्यायची, त्या वरच्या येळेचा एक पैसा नाही. घड्याळ बंद, मोबाईल गेटवर, आम्हाले काय समजते? बाहेर निघालं का अंधार पडलेला, आन घरचे म्हणत, आज बी उशीर? आम्हाले वाटे दिवसच लहान झाले. कोण्या बाईच्या नवऱ्यानं म्हणे मालकापाशी जाऊन विचारलं, बाया इतक्या उशिरा काहून सुटतात. कोणाच्या ते आजवर माहीत नाही. पण गजूभाऊले घाम फुटला. तो पाहाले लागला का हे कोणी सांगितलं, कोण हिशोब ठेवून राह्यलं. आन त्याच्या नजरेत काय आलं? आमच्या दुपट्ट्याच्या गाठी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. त्याले वाटलं ह्या बाया रोज किती उशीर झाला त्याच्या गाठी मारतात. आन ह्याच तिघी रविवारी हॉटेलात बसतात, सगळी वस्ती पाह्यते, तास तास बसतात, म्हणजे तिथं संघटना बनवून राह्यल्या. आता तुम्हाले सांगते, बनवाले पायजे होती. तेवढी अक्कल असती तं आज ही गोष्ट निराळी असती. त्यानं भेवून जे तोडलं ते आम्ही जोडलंच नव्हतं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्हा तिघीले त्याच्या केबिनमधी बोलावलं. केबिन म्हणजे प्लायवूडची पेटी, पंखा त्याच्यावर, उकाडा आमच्यावर. त्याचे दोन पोट्टे दारात उभे. म्हणे, गाठी उघडा. आम्हाले आधी समजलंच नाही. म्हणे, ह्या दुपट्ट्याच्या गाठी, एकेक उघडा आन सांगा काय हाय त्यात. वनिताले हसू आलं. तिनं एक उघडली, म्हणे, ही माह्या सासूची, तिनं चुलीत चष्मा टाकला. दुसरी उघडली, ही बी सासूचीच, आता नवा चष्मा मागते. दारातले पोट्टे हसले. गजूभाऊ नाही हसला. मले म्हणे, तुम्ही. म्या म्हटलं, पोरीले दिवस गेलेत भाऊ, तेवढंच सांगायचं होतं. खरं सांगते, तोंडातून ते निघालं आन मले असं झालं का कोणी माहं लुगडं ओढलं. पोरीची ती पहिली खुशखबर, मी हप्ताभर जपून ठेवलेली, रविवारी दह्याचा घास घेऊन सांगणार होती, आन ती मी तिथं त्या पेटीत उभ्यानं त्या माणसाले सांगून टाकली.

मंग मंगलाबाईची पाळी. तिच्या दुपट्ट्याले एकच गाठ, पण करकचून मारलेली. तिनं हात त्या गाठीवर ठेवला. म्हणे, ही नाही उघडत भाऊ. गजूभाऊ खुर्चीतून पुढं झुकला, त्याले वाटलं सापडलं. म्हणे, काहून? मंगलाबाई म्हणे, नवसाची हाय. देवीले बोलली हाय, पुरा झाल्याबिगर सोडता येत नाही. गजूभाऊ मागं सरला. देवीचं नाव निघालं ना, त्यानं कपाळाले हात लावला आन म्हणे, ठीक हाय, ती ऱ्हाऊ द्या. आमच्यावर त्याचा भरवसा नव्हता, देवीवर होता. आन आमचा मंगलाबाईवर होता, आम्हाले बी नवसच वाटला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं सुट्ट्या वाटल्या. जसं मटण वाटतात तशा. मले मंगळवार, वनिताले गुरुवार, मंगलाबाईले रविवार. आन जागा बी बदलल्या, मी खड्यावर, वनिता शिलाईवर, मंगलाबाई मागच्या गोदामात. आम्ही गेलो विचाराले तं म्हणे, वरून ऑर्डर हाय, मशीन सातही दिवस चालली पायजे. आन वरून म्हणे, सुट्टी तं भेटतेच ना, रविवार काय सोन्याचा असते? वनिता बोलाले गेली, म्या तिचा हात दाबला. दुपट्ट्याच्या जागी कंपनीनं तोंडाचे मास्क दिले. त्याले टोक नसते.

मंगळवारी मी एकदा गेली हॉटेलात. सलीमभाईनं जग आणून ठेवला. एकटी बाई टेबलावर, काय करणार, गिला वडा खाल्ला, मोबाईल पाह्यला, उठली. वडा तोच, दही तेच, पण तोंडात पीठ लागत होतं. जाताना सलीमभाई म्हणे, मंगलाताई बी परवा रविवारी आल्या होत्या, चाय मंगवली, पिली नाही, खूप टाईम बैठी रही, मंग गेल्या. मले वाटलं तिले बी आमच्यावानीच सुनं लागलं असन. पुन्हा काही मी गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकाच वस्तीतल्या बाया, घरी जाऊन काहून बोलल्या नाही. जायचो, कधीमधी. पण तिच्या घरी सून, नातवंडं, पोरगा, सगळे एका खोलीत. माह्या घरी नवरा झोपलेला. गेटवर गजूभाऊचा पोट्टा उभा. काही गोष्टी अशा असतात का त्या दारात उभं राहून नाही निघत. त्याले बसा लागते, हातात काही गरम लागते, आन आधी तास दीड तास येड्यासारखं हसा लागते, तवा कुठं ती गोष्ट आपणहून वर येते. मंगलाबाईसारख्या बाईले तं जास्तच.

दिवाळीनंतर ती कामावर यायची बंद झाली. गोदामातली बाई म्हणे, तब्येत बरी नाही. माह्या मंगळवारी मी गेली तिच्या घरी. खाटेवर होती. अर्धी झालेली. सून चहा ठेवाले आत गेली तवा तिनं सांगितलं, दोनच वाक्यात. पाळी बंद होऊन किती वर्सं झाली होती, आन पुन्हा अंगावरून जाले लागलं होतं. नागपूरले नेलं पोरानं, पिशवीचा कॅन्सर निघाला, डॉक्टर म्हणे, लय उशिरा आणलं. म्या विचारलं, केव्हापासून? म्हणे, तो नवस होता ना, तवापासून.

वनिताच्या मावशीले हेच झालं होतं, तांड्यावरच्या. वनितानं तिले पहिल्याच दिवशी गाडीत टाकून नेलं होतं, ती मावशी आज बी कापूस येचते. वनिता एका शब्दात ओळखती. त्या रविवारी टेबलावर ती गाठ सुटली असती तं सोमवारी वनितानं मंगलाबाईले ओढत नेलं असतं, पोराले विचारलं बी नसतं. मंगलाबाई कोणाले सांगणार होती? पोराले? सुनेले? विधवा बाईच्या अंगावरून जाते हे ती कोणापाशी बोलणार? तिच्यापाशी एक जागा होती बोलाची. ती त्या माणसानं वाटून टाकली. डॉक्टरच्या कागदावर कॅन्सर लिहिलं हाय, त्याले मी खोटं म्हणत नाही. पण मी वेगळं वाचते.

मंग एक दिवस मंगलाबाई मले म्हणे, शोभा, मले एकदा तिथं बसून खायचं हाय, तिघी. म्या वनिताले सांगितलं. म्हटलं, मंगळवारी जाऊ, माही सुट्टीच हाय, तू एकटीनं खाडा कर. खाडा म्हणजे न सांगता गैरहजर, आन गजूभाऊचा नेम असा का खाडा केला तं गेट बंद. वनितानं ऐकून घेतलं आन म्हणे, नाही, रविवारी.

म्या म्हटलं, येडी झाली का, रविवारी तं दोघीचा बी खाडा होते. माही पोरगी बाळंतपणाले येणार, त्याच येळेले काम गेलं तं? तुह्या घरी सासू, लेकरं. एकीचं जाईन तिथं दोघीचं कायले घालवायचं. ती म्हणे, मंगळवारी बसलो तं त्यानं जे वाटलं ते आपण कबूल केलं, असं होते. रविवार आपला होता, शोभे. आपण त्याच्यापाशी मागितला नव्हता आन त्यानं आपल्याले दिला नव्हता. मरणाऱ्या बाईले मी उसन्या दिवशी जेवाले नेणार नाही.

दोन दिवस मी तिच्याशी बोलली नाही. राग आला होता. तोंड चालवणाऱ्याले सोपं असते, असं वाटलं. मंग मीच गेली गजूभाऊपाशी, सरळ सुट्टी मागाले, म्हटलं, मंगलाबाईचं काही खरं नाही, दोघीले रविवारचा अर्धा दिवस द्या. त्यानं मान हलवली, अरेरे म्हणे, देवीच्या मनात असन तसं होईन म्हणे, आन म्हणे, पण दोघीले एका दिवशी नाही भेटणार. मी बाहेर आली आन वनिताले म्हटलं, ऑटो सांगून ठेव.

त्या रविवारी चपला हातात नाही घेतल्या म्या. दार लावलं, आवाज झाला, नवरा जागा झाला, म्हणे, कामावर नाही गेली? म्हटलं, नाही, जेवाले चालली.

मंगलाबाईले सुनेनं धुतलेलं पातळ नेसवून दिलं होतं, वेणी घातली होती. ऑटोतून उतरवताना ती इतकी हलकी लागली का वनितानं एकटीनंच धरलं. सलीमभाईनं घरून गादी आणून खुर्चीवर टाकली, म्हणे, ताई, अंदर लेटना है तो पडदे में जगा करतो, कांदे हटवले. मंगलाबाई म्हणे, नाही भाऊ, इथंच. तिच्यासाठी त्यानं मऊ पोहे केले, बिनतिखटाचे. तिनं दोन चमचे खाल्ले. मंग म्हणे, तर्री. आम्ही नको नको म्हटलं, डॉक्टरनं मनाई केलती. ती वनिताकडं पाहात राह्यली. वनितानं वाटीत चमचा बुडवला आन तिच्या जिभेले लावला. मंगलाबाईनं डोळे मिटले, ठसका लागला, डोळ्यात पाणी आलं आन म्हणे, ह्यानं आज मीठ जास्त टाकलं.

मंग आम्ही हसलो. लय दिवसाचं साचलेलं होतं. वनिताच्या सासूनं आता कवळी हरवली होती, ती आख्ख्या घरानं शोधली आन तोंडातच निघाली. माह्या पोरीचे डोहाळे सांगितले. उन्हं सरकत सरकत टेबलावर आली. मधीच मंगलाबाई म्हणे, हळू आवाजात म्हणे, पण मले अजून तसंच्या तसं ऐकू येते:

त्या रविवारी मी इथं एकटीच आलती. तुम्हाले कसं सांगायचं ते बोलून पाह्यलं मनात. तुम्ही असत्या तं सांगितलं असतं वं.

वनिता, जी कधी रडत नाही, ती पाण्याचा जग घेऊन उठली, जग भरलेलाच होता. परत आली तवा तोंड धुतलेलं होतं. मंगलाबाई म्हणे, बस खाली, सासूचं काय झालं पुढं ते सांग. वनितानं सांगितलं.

सोमवारी गेटवर आम्हा दोघीले थांबवलं. गजूभाऊ स्वतः आला नाही, वॉचमन म्हणे, आत सोडाचं नाही असा निरोप हाय. आमच्या मागून बाया आत जात होत्या, मास्क लावलेल्या, काही जणींनी मान खाली घातली, एक जण थांबली, तिले आतून हाक आली. वनिता गेटपाशी उभं राहून म्हणे, गजूले सांग, रविवार आम्ही घेतला, मागितला नाही. वॉचमन बिचारा म्हणे, बाई, मी काय सांगू, मी तं रोज इथंच असतो.

मंगलाबाई होळीच्या आधी गेली. वनिता लेकरं घेऊन तांड्यावर गेली, कापसाच्या दिवसात येचणी, मंग दिग्रसच्या जिनिंगवर. फोन करते, पण फोनवर ती बी कमी बोलते, कोणीतरी मागं उभं असल्यासारखी. मले नातू झाला. मी आता मंगल कार्यालयात भांडे घासाले जाते, ठरलेलं काही नाही, तिथी असन तवा बोलावतात. तिथी जास्त रविवारीच निघतात. लोक पंगतीत बसतात, दोस्तदोस्त हसतात, फोटो काढतात, आन मागच्या बाजूले नळापाशी मी त्यांच्या प्लेटा धुते. वाईट काही नाही त्यात, काम हाय. नवरा म्हणते, एका प्लेट पोह्यासाठी पक्कं काम घालवलं तुम्ही. मी म्हणते, हो, घालवलं. कंपनीत म्हणे अजून सुट्ट्या वाटलेल्याच हायेत, बाया वेगळ्या, सुपरवायझर तोच. कोणी तिथं काही करते का, तुम्ही विचारलं मघा. मले नाही माहीत. करतील तं आमच्यासारखं उशिरा करू नये, एवढं त्यांना सांगा, तुमचं ऐकत असतील तं.

आज तिथी नाही म्हणून घरी सापडली तुम्हाले. हे आता उठतील, त्यांचं ताट वाढून ठेवलं हाय. वांग्याची भाजी झाली, भाकरी टाकते दोन, ती हातातली वही ठेवा जरा आन माह्यासंग चार घास खाऊन घ्या. एकटीले जात नाही आजकाल. आन तुम्हाले तुमचे सोबती असतील, तं त्यांच्यासंगचा एक दिवस तुमच्या हाती राहो, दुसऱ्या कोणाच्या वाटपात न जावो, दुसरं काय म्हणू मी. हात तिकडं धुवा, मोरीत, बादली भरलेली हाय.